दुसरा घाणा

भिंतीपलीकडे हशा पिकला की मी गॅस मोठा करतो.
पहिल्या अंकातला शेवटचा हशा.
तिथून चार मिनिटं: एक भांडण, एक फोन, अंधार,
आणि दारं उघडतात.
तेवढ्यात वडा तळून, निथळून बशीत पडायला हवा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
लोक रक्तातलं म्हणतात ते हेच असावं.

मी मार्तंड सुळाख्यांचा मुलगा.
हो, तेच. छत्रीवाले.
छत्री विसरून विंगेपर्यंत जायचे, वळायचे,
प्रेक्षकांकडे बघायचे, एक, दोन, अडीच,
आणि म्हणायचे, "असो."
त्या एका शब्दावर कर्वेनगरचा फ्लॅट झाला,
ताईचं लग्न, माझ्या दातांची तार.

शाळेत सर म्हणायचे, सुळाखे, म्हणून दाखव.
मुंजीत गुरुजी.
वैकुंठात एकदा, खांदा देऊन दमलेले एक गृहस्थ
कपाळ पुसत, हळूच: "तुम्हाला जमतं का हो ते?"
घरी त्यांनी तो शब्द कधी वापरला नाही.
घरी "आवाज कमी करा", आणि तीन ते पाच झोप.
आई कुकरच्या शिट्टीवर डाव धरून उभी.

सव्विसाव्या वर्षी मला त्यांचीच भूमिका मिळाली.
जाहिरातीत ‘सुळाखे’ केवढं तरी,
‘हेरंब’ शोधावं लागायचं.
भरत नाट्यला पहिला प्रयोग, हाउसफुल्ल.
कोट त्यांचाच, काखेत आईनं आत घेतलेला.
विंगेपर्यंत गेलो. वळलो. एक, दोन,
आणि अडीचच्या आत
सगळं थिएटरच म्हणालं, असो.
पोटभर हसले. त्यांना आठवून.
सोमवारी परीक्षण आलं: छत्री उत्तम.

एकतीस प्रयोग.
मग मालिकेत हवालदार, वाक्य एकच:
"चला, साहेबांनी बोलावलंय."
मग बारशी, वाढदिवस, लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन;
बोर्डावर ‘मार्तंड सुळाखे यांचे चिरंजीव’.
पुढे नाव नाही. नुसते चिरंजीव.

आई म्हणायची, दुसरा घाणा नेहमी चांगला,
तेल तोवर स्थिरावलेलं असतं.
ती वड्यांबद्दलच बोलत होती.

चाळिशीत थिएटरच्या कँटीनचं टेंडर भरलं.
अनामत त्यांनी दिली.
चेकवर सही करता करता पेन थांबवून म्हणाले,
"बटाटा फार कुस्करू नकोस.
दाताखाली काहीतरी यायला पाहिजे."
अभिनयाबद्दल माझ्याशी ते एवढंच बोलले.

एरंडवण्यातलं हॉस्पिटल, पहाटेचे चार.
श्वास थांबला आणि मी सवयीनं मोजू लागलो.
एक, दोन, अडीच.
तीन.
बावीसपर्यंत मोजले मी.

आता ते तिकीट खिडकीच्या वर असतात, फ्रेममध्ये, छत्रीसकट.
खाली लोक चटणीची बोटं पुसायला कागद मागतात.
नव्या पोरांच्या नाटकांचे हशे निराळे,
तुटक, भलत्याच वाक्याला.
दोनदा घाणा जळाला माझा.
तेव्हापासून तालमीला जाऊन बसतो, मागच्या रांगेत, वही घेऊन.
दिग्दर्शकांना वाटतं, सुळाख्यांची हौस फिटली नाही.
मी फक्त शेवटचा हशा कुठला ते टिपतो.

परवा एक मुलगी, तेवीसेक वर्षांची,
तालमीत नव्हती तेवढी थांबली.
मी कढईपुढे, झारा हातात.
एक, दोन, अडीच,
पावणेतीन.
मग भिंत हादरली.

ते पाव त्यांना धकलं नसतं. धीर झाला नसता.
माझा पहिला घाणा तोवर काळपट झालेला.
तो बाजूला केला, दुसरा सोडला,
आणि सदाला म्हटलं, यातली एक बशी आत पाठव, तिला.
पैसे?
लिही, म्हटलं. सुळाख्यांच्या खात्यावर.
कुठल्या, ते त्यानं विचारलं नाही.